ठुमकीची दुलई आणि पिवळा दिवा

कान इकडे, मान इकडे, हात पांघरुणात. आता ऐका.

चिंचेखाली होतं हुसेनचाचांचं गॅरेज. गॅरेजात होतं बाकडं. बाकड्याखाली होतं बीळ. बिळात राहायची ठुमकी उंदीरताई आणि तिचं इवलंसं बाळ.

एकदा काय झालं, बाळाची दुलईच हरवली. लाल लाल, मऊ मऊ दुलई. बाकड्याखाली वाळत घातली होती, ती गेली कुठे? थंडी तर अशी, की बाळ आपलं कुडकुड कुडकुड.

ठुमकी निघाली शोधायला. तुरुतुरु, तुरुतुरु. समोर उभी होती जीप, तोंड उघडं टाकून. आत होती जाड काळी नळी. नळीतून डोकावत होता एक लाल दोरा.

"अगं बाई, ही तर आमची दुलई."

ओढली, ओढली, पण निघते कसली.

"नळीबाई, नळीबाई, दुलई दे.
बाळ माझं निजेना."

"मी नाही देणार जा. क्लिप सुटेल, तर देईन."

क्लिप बसली होती नळीचा गळा धरून. घट्ट.

"क्लिपताई, क्लिपताई,
नळी देईना,
बाळ माझं निजेना."

"मी नाही सुटणार जा. पाना फिरेल, तर सुटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पानादादा, पानादादा,
क्लिप सुटेना,
नळी देईना,
बाळ माझं निजेना."

"मी नाही फिरणार जा. चाचा उठतील, तर फिरेन."

चाचा बसले होते जीपमध्ये, गालाला हात लावून. समोर पिवळा दिवा. लुकलुक, लुकलुक. गाडीचं काही दुखलं, की हा पेटतो. टर्बो म्हणजे गाडीला वारा घालणारा पंखा. तो चाचांनी कालच दुरुस्त केला. तरी दिवा आपला पेटलेलाच.

"चाचा, चाचा,
पाना फिरेना,
क्लिप सुटेना,
नळी देईना,
बाळ माझं निजेना."

"मी नाही उठणार, पोरी. दिवा विझेल, तर उठेन."

चाचांनी वळून पाहिलंसुद्धा नाही.

"दिवादादा, दिवादादा,
चाचा उठेनात,
पाना फिरेना,
क्लिप सुटेना,
नळी देईना,
बाळ माझं निजेना."

"मी नाही विझणार जा. इंजिनाला वारा मिळेल, तर विझेन."

इंजिन करत होतं खोक खोक.

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा,
दिवा विझेना,
चाचा उठेनात,
पाना फिरेना,
क्लिप सुटेना,
नळी देईना,
बाळ माझं निजेना."

"वारा मिळेल कसा गं? नळी मोकळी होईल, तर मिळेल."

नळी? म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकातच की. ठुमकी मटकन खाली बसली. तेवढ्यात बिळातून आवाज आला, चीं. बाळाला हुडहुडी भरली होती.

ठुमकी उठली. लाल दोरा दातांत धरला आणि धूम पळाली. दोरा उसवला सर्र सर्र. नळीवरून, चाकावरून, थेट चाचांच्या अंगठ्यावर. गुदगुद, गुदगुद.

चाचा हसले. खाली पाहतात तो काय, लाल दोरा. चाचा उठले. दोरा धरून चाकापाशी आले. चाकापासून नळीपाशी आले. आणि डोक्यालाच हात लावला.

"अरेच्चा, हा बोळा तर मीच कोंबला. नळीत कचरा जायला नको म्हणून. आणि काढायलाच विसरलो."

मग काय विचारता. चाचांनी पाना उचलला. पाना फिरला गर्र गर्र. क्लिप सुटली टक्. नळीनं दुलई दिली भुस्स. इंजिनाला वारा मिळाला घुर्र घुर्र. आणि पिवळा दिवा विझला टुप्.

"तुझी होती होय गं? मला वाटलं, चिंधी आहे."

चाचांनी दुलई झटकली. बिळाच्या दारात ठेवली. दोरा उसवला म्हणून वर आपल्या मफलरचा मऊ गोंडाही ठेवला.

दुलईला जरा ऑइलचा वास येत होता. बाळाला चालला. ठुमकी हळूच गायली,

"दिवा विझला,
चाचा उठले,
पाना फिरला,
क्लिप सुटली,
नळीनं दिली,
बाळ माझं निजलं."

बाळ निजलं, गोष्ट निजली. आता तुमची पाळी.