राजाचं लंगडं बदक

एका राज्यात मेलेल्या माणसाला एकटं धाडीत नसत. हयातीत त्याने ज्या मुक्या जीवाला आपल्या हाताने भरवलं असेल, त्या जीवाच्या आकाराचं मातीचं भांडं घडवीत, भाजीत, पाण्याने भरीत आणि त्याच्या शेजारी पुरीत. पुढे काळी नदी लागे. तिथे भांड्यात प्राण येई आणि ते धन्याला पार नेई.

राजा धुरंधरसेन वारला, तेव्हा प्रधानांना मातीची लाज वाटली. त्यांनी सोन्याचा सिंह पुरला. सिंह नदीत पाय घालताच बुडाला. राजा निथळत परत आला आणि थेट गादीवर बसला. झालं! मेलेला राजा गादी अडवून बसला की त्या राज्यात बी रुजत नाही, असा नदीचा शापच होता.

मग राजकन्या इरावतीने मातीचा हत्ती पुरला. हत्तीने नदीकाठी बसकण मारली ती मारलीच. राजा परत. तिने मोर पुरला. मोर नदी ओलांडून गेला खरा, पण एकटाच! राजा पुन्हा गादीवर, अंगाखाली पाण्याचं थारोळं. कोठारात आता शेवटच्या पेरणीपुरतं बी उरलं होतं.

छतावरची साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, अंदाज पुरे. त्यांनाच विचार."

"महाराज, आपण कोणाला भरवलंत?"

"राजे कोणाला भरवीत नसतात."

"ठाऊक आहे. मलाही कधी भरवलं नाहीत."

राजाने मान खाली घातली. "एक बदक होतं. लंगडं. कोणी पाहत नसलं, की तळ्यावर जाऊन त्याला भात भरवीत असे."

इरावतीला राग आला आणि रडूही आलं. बदकाला भात, अन् पोटच्या पोरीला काही नाही! तरी तिने माती मळली. चोच घडवली, गुबगुबीत पोट घडवलं, एक पाय मुद्दाम वाकडा ठेवला. कुंभाराच्या आव्यात भाजून बदक तांबूस, खणखणीत निघालं.

पाणी भरून तिने ते थडग्यात ठेवलं. राजा आपणहून गादीवरून उठून आला. थडग्यापाशी नैवेद्याचा भात होता. त्यातला घास त्याने उचलला आणि लेकीच्या तोंडापुढे धरला.

"घे, इरा."

भात गार होता. तिने तो खाल्ला, त्याची बोटंसुद्धा चाटली.

मग बदक लंगडत निघालं, मागोमाग राजा. पाण्यात शिरल्यावर मात्र ते सरळ पोहत गेलं. राजा परत आला नाही. त्याच रात्री शेवटचं बी पेरलं. सकाळी शेताशेतांत कोंब वर आले आणि इरावती गादीवर बसली.

तिचं पोट भरलं, राज्याचं भरलं, ऐकणाऱ्यांचंही भरो.