मागच्या दारावरचा ओरखडा

एकदा एक बाई धाकट्या बहिणीला सोबत घेऊन, भाड्याने गाड्या देणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या आवारात पहाटे पाच वाजता येऊन उभी राहिली. बाईचं नाव जयमाला, बहिणीचं मोनिका. मोनिकाला त्याच सकाळी आठच्या आत घाटापलीकडच्या शहरात पोलीस भरतीच्या मैदानावर पोचायचं होतं. आठला फाटक बंद होतं. मग तुम्ही कितीही रडा, आत कोणी घेत नाही. मागे दोनदा ती थोडक्यात राहिली होती, आणि वयाची अट बघता ही तिची शेवटची वेळ होती.

मुक्कामाला येणारी एसटी आदल्या रात्री आलीच नाही. ती आली नाही तर पहाटे सुटणार कुठून? म्हणून जयमालाने रात्रीच फोन करून गाडी ठरवली होती, ड्रायव्हर नसलेली, आपली आपण चालवायची. वाट दोन तासांची, त्यातला निम्मा घाट.

व्यापारी अनोळखी बाईच्या हाती किल्ली द्यायला तयार नव्हता. गावातलं कोणी ओळखीचं माणूस आणा, म्हणाला. तेव्हा जयमालाने आपल्या वस्तादांना उठवून आणलं. वस्ताद म्हणजे तिला गाडी शिकवणारे म्हातारे गृहस्थ. आयुष्यभर एसटी चालवली, निवृत्त झाल्यावर गावातल्या आठ-दहा बायकांना चालवायला शिकवलं. त्यांच्याच हाताखाली शिकून जयमाला आता बचतगटाचा छोटा टेम्पो चालवत होती. वस्तादांचे गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे घाटात सोबत जाणं त्यांना झेपणार नव्हतं. ओळख द्यायची आणि घरी जाऊन चहा प्यायचा, एवढंच त्यांचं काम.

व्यापाऱ्याने शेडमधून गाडी बाहेर काढली. पांढरी, धुतलेली, आत उदबत्तीचा वास. जयमालाने लगेच मोबाईल काढला. भाड्याची गाडी घेताना काय काळजी घ्यावी, याचे व्हिडिओ तिने रात्री बसून बघितले होते, आणि त्या सगळ्यांत एकच गोष्ट सांगितली होती. असलेले ओरखडे आधी दाखवून घ्या, नाहीतर परत येताना ते तुमच्या माथी मारतात. तिने पुढच्या बंपरपासून सुरुवात केली. प्रत्येक दारापाशी थांबून उजेड पाडून बघितलं, आरशाची पाठसुद्धा सोडली नाही. व्यापारी कागद घेऊन तिच्यामागे. कागदावर गाडीचं चित्र, त्यावर तो जागोजागी फुल्या मारत होता. एका ठिकाणी दोघांचा वाद झाला. तो म्हणाला हा डाग आहे, ती म्हणाली पोचा आहे. मग दोघांनी बोट फिरवून खात्री केली आणि ती फुलीही पडली. लग्नाची मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा इतकं निरखून बघत नाहीत.

वस्ताद काठीवर भार देऊन मागच्या बाजूला उभे होते. ते म्हणाले, मघाशी गाडी बाहेर निघाली तेव्हा मागचं डावं चाक लचकताना दिसलं. माझे गुडघे वाकत नाहीत. तू वाक आणि आतल्या बाजूने हात फिरव.

जयमाला म्हणाली, हो वस्ताद, ते चाक बघितलं, त्याच्या कॅपवर ओरखडा आहे, लिहून घेतलाय.

वस्तादांनी तेच पुन्हा सांगितलं. या वेळी व्यापारी बोलला. गाडी परवाच सर्व्हिसिंग होऊन आली, काल रात्री एक कुटुंब देवाला जाऊन आलं, कोणाची काही तक्रार नाही. वस्ताद, तुमच्या काळच्या एसट्या लचकायच्या, या गाड्या लचकत नाहीत. यावर तो आपणच हसला.

मोनिका मागच्या सीटवर बसून होती, मांडीवर कागदपत्रांची पिशवी, पायात धावायचे बूट. तिने काच खाली केली. "ताई, पाच पंचवीस झाले." तिचा आवाज रडवेला होता.

"आलेच, आलेच." जयमालाने कागदावर सही केली. सहीच्या वर छापलं होतं, गाडी तपासून सुस्थितीत ताब्यात घेतली. ते तिने वाचलं नाही. आपल्यापैकी कोण वाचतं? ती आत बसली, किल्ली फिरवली.

"ब्रेक दाबून बघितलास?" वस्तादांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"वस्ताद, वेळ नाही हो. रस्त्यात कळेलच की."

हे ऐकून वस्तादांनी खिशातून आपल्या घराची किल्ली काढली, काठी टेकत मागच्या दारापाशी आले, आणि त्या पांढऱ्या दारावर किल्लीचं टोक रुतवून वीतभर लांब, सरळ ओरखडा काढला. कर्र असा आवाज झाला की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत.

व्यापारी ऑफिसच्या पायरीवरून धावत आला. जयमाला इंजिन बंद करून उतरली. मोनिकाही उतरली. व्यापाऱ्याने वस्तादांचा दंड धरला आणि वयाचा मान ठेवून जेवढं बोलता येतं, त्याच्या बरंच पलीकडे बोलला. म्हातारपणात डोकं फिरलं का, ही काय चेष्टा आहे, आता ही गाडी जाणार नाही, किल्ली इकडे द्या. मोनिकाला रडू फुटलं. ज्या माणसाने आपल्याला चालवायला शिकवलं, त्यानेच आज आपल्या बहिणीची शेवटची वेळ घालवली, एवढंच जयमालाच्या मनात आलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

वस्तादांनी दंड सोडवून घेतला नाही. दंड तसाच व्यापाऱ्याच्या हातात असताना ते बोलले.

"आलात ना आता सगळे? मी तीनदा बोललो. चाक म्हणालो, कोणी वाकलं नाही. ब्रेक म्हणालो, कोणाला वेळ नव्हता. वीतभर रंग गेला, तर तिघं धावत आलात. जयमाला, पाव तास तू या गाडीभोवती फिरलीस. कशासाठी? परत आल्यावर शेठ काय म्हणेल, या भीतीने. घाट काय म्हणेल, ते कोणी बघायचं? शेठला फुल्यांचा कागद दाखवशील. घाटाला कुठला कागद दाखवणार आहेस? आणि शेठ, काल रात्री गाडी परत आली तेव्हा तुम्हीही पत्राच बघितला असेल. त्यात तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. गाडी हा तुमचा माल. पण हिचा माल मागच्या सीटवर बसला होता. दार मी माझ्या खर्चाने रंगवून देतो. आता कोणीतरी वाका."

जयमाला वाकली. मागच्या डाव्या चाकाच्या आत हात घालून तिने टायरवरून बोटं फिरवली आणि अर्ध्यातच हात मागे ओढला. मग पुन्हा घातला. टायरच्या आतल्या अंगाला लिंबाएवढा फुगा आला होता. त्याच्या कडेला रबर फाटून आतली तार बोटाला टोचत होती. तिने व्यापाऱ्याचा हात धरला आणि त्याच जागी नेऊन ठेवला.

व्यापारी बराच वेळ वाकलेलाच राहिला. उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. म्हणाला, काल देवाहून आले त्यांच्यात दोन लहान मुलं होती.

पुढचं काम कोणाला सांगावं लागलं नाही. व्यापाऱ्याने डिकी उघडून स्टेपनी काढली. हवा मोजली तर निम्मीच होती. ती भरून घेतली. जॅक होता, पण चाकाचा पाना जागेवर नव्हता, तो दुसऱ्या गाडीतून आणावा लागला. "तो परत दुसरीकडे ठेवू नका. हिच्याबरोबर द्या," वस्ताद म्हणाले. मोनिका दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. न राहवून ती वस्तादांना म्हणाली, तुमचं होईल हो सगळं व्यवस्थित, माझं फाटक बंद होईल. वस्ताद म्हणाले, होईल कदाचित. माझ्यावर राग धर. तो धरायला तू संध्याकाळी घरी असलीस म्हणजे झालं.

चाक बसलं. जयमाला आत बसली तशी वस्तादांनी तिला विचारलं, क्लच पूर्ण दाबला जातो का? तिने दाबून बघितला. पायाची नुसती बोटं पोचत होती. काल चालवणारा माणूस उंच असावा, सीट त्याच्या मापाची मागे सरकलेली होती, आणि मघाशी ती तशीच निघाली होती. तिने सीट पुढे ओढली, आरसे आपल्या डोळ्यांना लावून घेतले. मोनिकाला पट्टा लावायला सांगितलं तर पट्ट्याचं कुलूपच सापडेना. ते नव्या सीटकव्हरखाली दडपलं होतं. व्यापाऱ्याने स्वतः कव्हर उचकटून ते वर काढलं. मग आवाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गाडी नेऊन जयमालाने दोनदा ब्रेक मारला. वस्ताद मागे उभे राहून दिवे बघत होते. दुसऱ्या वेळी त्यांनी काठी वर केली. जा.

सहाला आठ मिनिटं कमी होती.

घाटाच्या पायथ्याशी मोनिका म्हणाली, ताई, थोडी जोरात घे. जयमालाने घेतली नाही. अर्धा घाट चढल्यावर मोनिका म्हणाली, ते टायर टिकलं असतं, रोज किती गाड्या अशाच जातात. जयमालाने गिअर बदलला. माथ्यावर सात वाजून पाच मिनिटं झाली होती. उताराला लागल्यावर मात्र मोनिकाने घड्याळ बघणं सोडलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठड्याचे मोडके दगड, आणि त्यापलीकडे झाडांचे नुसते शेंडे दिसतात. प्रत्येक वळणावर जयमालाचा जीव मागच्या डाव्या चाकात गोळा होत होता. वळण येई, ब्रेक लागे, गाडी सरळ निघे. काहीच झालं नाही. शेवटच्या वळणापर्यंत काहीही झालं नाही.

मैदानापाशी पोचल्या तेव्हा हवालदार फाटकाची एक बाजू ओढत होता. मोनिका पिशवी छातीशी धरून धावली आणि अंग चोरून आत शिरली. गाडीचं दारसुद्धा तिने लावलं नाही.

ती भरती झाली का, असं तुम्ही विचाराल. ते तिच्या पायांचं काम, या गोष्टीचं नाही. स्वतःच्या दोन पायांवर ती फाटकातून आत गेली, एवढं मला सांगायचं होतं.

जयमालाने दार लावलं, गाडी झाडाखाली उभी केली आणि वस्तादांना फोन लावला. पोचलो म्हणाली. बरं, म्हणाले. तिकडून कपबशीचा आवाज येत होता. घाटभर तिच्या मनात एकच प्रश्न होता, तो तिने विचारला.

"वस्ताद, खरं सांगा. ते चाक आज फुटलंच असतं का?"

"मला काय ठाऊक? नसतंही फुटलं."

"मग?"

"मग काय. ते आपल्याला कधीच कळू नये, म्हणून तर बघायचं असतं."

फोन ठेवून जयमाला तशीच बसून राहिली. आज सकाळपासून आपल्या हातून काय वाचलं, हे आपल्याला कोणी दाखवू शकणार नाही, आणि दाखवता येत नाही म्हणूनच ते वाचलेलं आहे, असं काहीसं तिच्या ध्यानात येत होतं. मैदानातून शिट्टी ऐकू आली. मुली धावायला लागल्या होत्या.

गाडी भाड्याने मिळते, आत बसलेली माणसं भाड्याने मिळत नाहीत. सही करण्याआधी एकदा खाली वाका.