एका बैठकीत

“अति म्हणजे किती, हे ठरवतं कोण?” गोधडीला टाका घालत कासमबाबांनी विचारलं.

“आम्ही. अभ्यास करणारे.”

हेमराज दारूच्या व्यसनावर परदेशात संशोधन करून नुकताच गावी परतला होता. तापीकाठच्या तकियात, फकिराच्या मठीत, म्हाताऱ्या कासमबाबांसमोर तो ताठ बसला होता.

“कोणी आठवड्याची बेरीज धरतं, कोणी एका बैठकीत किती घेतली ते पाहतं. मी बैठक धरतो. तिच्यात रेषा ओलांडली, तर अति.”

“आणि तुझा भाऊ?”

“नानांना मी स्वतः विचारलं. एका बैठकीला ते रेषेच्या आतच असतात.”

“मग इकडे कशाला आलास?”

हेमराज घुटमळला.

“वहिनी त्यांना आज उपचाराला न्यायचं म्हणते. ते तयार नाहीत. सगळ्यांना सांगतात, माझा शिकलेला भाऊ म्हणतो, मी मर्यादेत आहे... वहिनी माझं ऐकत नाही, बाबा. तुमचं ऐकेल. तिला व्याख्या समजावून सांगा.”

“आणि तिच्या दारी मला चहा कोण देईल मग?”

हेमराज हसला नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठून लिंबाखाली गेला. बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. परत आला तो आधीच्याच जागेवर टेकला.

“वहिनी होती. नाना परत बसलेत. सकाळी थोडी घेऊन उठले होते, आता पुन्हा...” तो थांबला. “पण ही बैठक वेगळी धरावी लागेल. हिच्यातही थोडीच असेल.”

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

“तूही मघाशी उठलास. ही आपली दुसरी बैठक का रे?”

“नाही बाबा, तीच. बोलणं कुठे संपलं होतं?”

 बाबांनी सुईत नवा दोरा ओवला.

...

हेमराजचा ताठ कणा हळूहळू वाकला.

“वडील गेले, त्या साली नाना पहिल्यांदा बसले,” तो म्हणाला. “ते अजून उठलेलेच नाहीत.”

नदीवरून वारा आला. गोधडीचा कोपरा उडाला, तो बाबांनी गुडघ्याखाली दाबला.

“मी आता वहिनीला काय सांगू?”

“तिला काही सांगू नकोस. घरी जा, नानाशेजारी बस. आणि त्याला घेऊनच ऊठ.”