चिंचेचा गोळा आणि काळं नाणं

भांडी बोलायची, त्या काळातली गोष्ट. एका देवघरात चिंचेचा गोळा राहायचा. समई, घंटा, सगळ्यांना आपणच उजळवतो, याचा त्याला भारी तोरा. सणाच्या आदल्या दिवशी त्याला डब्याच्या तळाशी राज्याभिषेकाचं चांदीचं नाणं दिसलं.

"काय हा अवतार! ये, तुझा काळेपणा घालवतो."

"थांब रे," पोथीवरचं म्हातारं भिंग म्हणालं, "आधी माझ्यातून बघ."

गोळा वाकला. काठावर मोरपंखी निळाई, आत जांभळी झाक, मधोमध मधाचा रंग! त्याखाली राजाच्या भुवईचा केस न् केस शाबूत.

"हे कुणी रंगवलं?"

"नुसत्या हवेनं, इतक्या वर्षांत."

गोळा थक्क झाला. मग त्याने भिंगातून पूजेतलं तसंच जुळं नाणं पाहिलं. ते त्यानेच दरवर्षी घासलेलं, लख्ख चमकत होतं.

त्यावरच्या राजाला चेहराच उरला नव्हता.