निवृत्तीनं मरळीला हार घातला

धरणाच्या काठी एक गाव होतं, गावात एक कॉलेज होतं आणि कॉलेजात निवृत्ती गवाणे नावाचा एक भोळा मुलगा होता. भोळा म्हणजे किती? तर मास्तरांनी एकदा "पुस्तकात डोकं घाल" म्हटलं, तेव्हा त्यानं खरंच घातलं होतं, आणि तास संपला तरी काढलं नव्हतं. अंगानं मात्र दांडगा. दूधसंघात सुट्टीभर कॅन उचलून त्याचे हात असे झाले होते, की भरलेला कॅन तो तान्ह्या पोरासारखा कुशीत घेऊन चालायचा.

या कॉलेजात इतर कॉलेजांसारखं कबड्डी, खोखो होतंच. पण धरण दारात असल्यामुळे एक मासेमारी मंडळही होतं. गळ टाकून मासे धरण्याच्या आंतरकॉलेज स्पर्धा व्हायच्या. एका बोटीत दोघंजण. रबरी बेडूक लावलेला गळ टाकायचा, मरळ धरायची, बोटीतल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायची आणि संध्याकाळी धक्क्यावर आणून तिचं वजन करायचं. ज्याच्या पाच मरळी सगळ्यांत वजनदार, त्याला चषक. मग मासे परत पाण्यात. खायचे नाहीत. हे गावातल्या म्हाताऱ्यांना कधीच पटलं नाही.

मंडळाची कप्तान होती केतकी दळी. तिचं शेवटचं वर्ष होतं. दर वर्षी चषक पलीकडच्या काठाचं कॉलेज न्यायचं आणि दर वर्षी केतकीचा जीव तीळ तीळ तुटायचा. त्यात यंदा प्राचार्यांनी जाहीर केलं होतं, की चषक आला नाही तर मंडळ बंद, आणि बोट उलटी करून तिचं सायकल स्टँडला छप्पर करायचं. केतकीनं ती बोट स्वतःच्या हातांनी रंगवली होती. ती सायकलींवर पालथी पडलेली तिला स्वप्नात दिसायला लागली.

आणि नेमकी स्पर्धा तोंडावर आली असताना तिच्या जोडीदारणीला गालगुंड झालं. दुसरं कोणी येईना. बोर्डावर सूचना लावली, 'इच्छुकांनी सकाळी धक्क्यावर हजर राहावे.' निवृत्ती हजर राहिला. इच्छुक आहेस का, असं विचारल्यावर तो म्हणाला, ते माहीत नाही, पण हजर आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी. केतकीनं त्याला बोटीत घेतलं.

पहिल्या दिवशी तिनं एकच गोष्ट शिकवली. "पाण्यावर आलं की आवाज करायचा नाही. काहीही हललं तरी तोंडातून चकार शब्द नाही. मासे बिचकतात."

"असं व्हय? ध्यानात ठेवतो, ताई," निवृत्ती म्हणाला.

दुपारी जेवणं झाली. मंडळाचे प्रमुख लिमकर सर बोटीतच आडवे झाले. सर इतिहास शिकवायचे आणि त्यांना मासेमारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोटीत झोप चांगली लागते एवढं कळलं होतं. दोर सुटला. बोट हलली. निवृत्ती धक्क्यावर बसून बघत होता. बोट लांब गेली, आणखी लांब गेली, ठिपका झाली. त्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि जवळ ओरडणाऱ्या टिटवीलाही गप्प राहायची खूण केली. लिमकर सरांना जाग आली ती पलीकडच्या काठावर, म्हशींच्या घोळक्यात. ते धरणाला वळसा घालून संध्याकाळच्या एसटीनं परत आले आणि त्यांच्या अंगाला म्हशींचा वास येत होता.

केतकीनं कपाळावर हात मारला. "अरे, काही निसटतंय असं दिसलं, तर बेंबीच्या देठापासून ओरडावं. चार माणसं गोळा करावीत."

"असं व्हय? आता ध्यानात ठेवतो, ताई."

दुसऱ्या दिवशी केतकीच्या गळाला एक झकास मरळ लागली. केतकी तिला हळूहळू बोटीजवळ आणत होती. मरळ जरा निसटल्यासारखी वाटली. निवृत्ती ताडकन उभा राहिला आणि "गेलं, गेलं, धावा," म्हणून असा ओरडला, की शेतातली माणसं कोयते घेऊन धावत आली, मंदिरातले भजनकरी टाळांसकट आले आणि गावचा कंपाउंडर सुई घेऊन आला. मरळ तेवढी गेली.

केतकी त्या चार माणसांची, खरं तर चाळीस माणसांची, माफी मागून मागून थकली. मग तिनं त्याला दांड्याची जाळी दिली आणि समजावलं. काही बोटीशी आलं की ओरडायचं नाही. जाळी घालायची, आवळायची आणि आत ओढून घ्यायचं. मोठं असेल तर दोन्ही हात लावायचे, पण सोडायचं नाही.

"असं व्हय? आता ध्यानात ठेवतो, ताई."

त्यानं ध्यानात ठेवलं. खोट त्याच्या ध्यानात ठेवण्यातच होती.

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन आणि स्पर्धेचे प्रमुख पाहुणे. देह ऐसपैस, कडक इस्त्री, वर जाकीट. धक्का कसा सजवायचा ते बघायला ते आले होते. बोट बघून त्यांना हौस वाटली. त्यांनी एक पाय बोटीत टाकला. निवृत्तीनं पाहिलं, बोटीशी काहीतरी आलंय. मोठं आहे. त्यानं जाळी घातली, आवळली आणि दोन्ही हात लावून आत ओढलं. भाऊसाहेब बोटीच्या तळाशी पडून जाळीच्या भोकांतून आभाळ बघत राहिले.

लिमकर सरांना घाम फुटला. त्यांनी हातापाया पडून भाऊसाहेबांना मोटारीत बसवलं. भाऊसाहेब मनानं मोठे होते, शिवाय निवडणूक जवळ आली होती, म्हणून ते हसले. मग सरांनी निवृत्तीचा कान धरला.

"गाढवा, एवढी मोठी असामी आली की आधी हात जोडावेत, गळ्यात हार घालावा आणि फोटो काढावा."

"असं व्हय? आता ध्यानात ठेवतो, सर."

स्पर्धेचा दिवस उजाडला. रीतीप्रमाणे सगळ्या बोटींची पूजा झाली, नारळ फुटले आणि बोटींच्या नाकांना झेंडूच्या माळा चढल्या. केतकीनं बोट थेट वेताच्या बेटापाशी नेली. तिथं एक जुनी, थोरली मरळ राहते असं सगळे म्हणायचे. तिला कोणी धरलेलं नव्हतं. केतकीनं दुपारपर्यंत चार बऱ्यापैकी मरळी टाकीत घातल्या. निवृत्तीनं तिच्या सांगण्यावरून हात मांडीखाली घेतले होते, म्हणून हे जमलं.

पाचवीला मात्र थोरलीनंच गळ गिळला. काठी वाकली, दोरा करकरला. कितीतरी वेळ ओढाताण झाली आणि शेवटी थोरली बोटीच्या कडेला आली. काळी, जाडजूड, मांडीएवढी.

"निवृत्ती, जाळी," केतकी पुटपुटली.

निवृत्तीनं जाळी उचललीही होती. पण मग त्यानं मरळीकडे नीट पाहिलं. एवढी मोठी असामी! त्यानं जाळी खाली ठेवली आणि हात जोडले. बोटीच्या नाकावरची झेंडूची माळ काढली आणि वाकून मरळीच्या डोक्यावरून सरकवली. माशाला मान नसते, म्हणून ती कल्ल्यामागच्या पंखांना अडकली. मग तो फोटोसाठी खिशातला मोबाइल शोधायला लागला. मरळीनं तेवढ्यात शेपटीचा एक तडाखा दिला, दोरा तुटला आणि ती हारासकट गेली.

केतकी बोटीत मटकन बसली. तिचे डोळे भरून आले. तिला समोर सायकल स्टँड दिसायला लागला आणि त्यावर पालथी पडलेली आपली बोट.

निवृत्तीलाही वाईट वाटलं. त्यालाही फोटो मिळाला नव्हता.

तो पाण्याकडे बघत बसला. बघता बघता म्हणाला, "ताई, हार चाललाय."

केतकीनं मान वर केली. झेंडू पाण्यात बुडत नाही. मरळ खाली होती, पण माळेचं सुटलेलं टोक वर तरंगत होतं आणि वेताच्या कडेकडेनं डौलात निघालं होतं. पाहुणे मांडवात निघावेत, तसं. आयुष्यभर कोणाला न दिसलेली थोरली आता लांबूनही कळत होती. केतकीनं डोळे पुसले, नवा दोरा ओवला, नवा बेडूक लावला आणि निवृत्तीला एकच सांगितलं.

"हात मांडीखाली."

झेंडूच्या पुढ्यात बेडूक टपकन पडला. मरळ जात्याच रागीट, त्यात आज गळ्यात हार, म्हणजे पारा चढलेलाच. तिनं बेडकावर झडप घातली. या खेपेला जाळी केतकीनं स्वतः घातली.

संध्याकाळी धक्का माणसांनी फुलला होता. पलीकडच्या कॉलेजच्या मरळी काट्यावर चढल्या आणि आकडा ऐकून लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग केतकीच्या चढल्या. हार घातलेली मरळ बघून पंचांनी नियमांची पुस्तिका पुढून मागून चाळली. माशानं हार घालू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी हार काढून वजन घेतलं, तरी केतकीचाच आकडा वर गेला. थोडासाच, पण गेला. केतकीनं लिमकर सरांना मिठी मारली आणि सरांना काय करावं ते कळेना.

इकडे निवृत्ती थोरलीला काखोटीला मारून घरच्या वाटेला लागला होता. त्याच्या आईनं मसाला वाटून ठेवला होता. केतकी धावत गेली आणि तिनं त्याला अडवलं. आज ती इतकी खूश होती, की तिनं फार मायेनं सांगितलं.

"या धक्क्यावर ज्याचं वजन झालं आणि फोटो झाला, ते परत पाण्यात जातं. खालून दोन्ही हात घालायचे, अलगद उचलायचं, काठाशी न्यायचं आणि डोकं पुढं करून सोडायचं. मग कोणी काही म्हणो. मध्ये थांबायचं नाही."

"असं व्हय? आता ध्यानात ठेवतो, ताई."

आणि त्यानं पाचही मरळी अशा अलगद सोडल्या, की बघणाऱ्यांचा ऊर भरून आला. सांगितलेलं काम आणि करायचं काम एकच निघण्याची ही त्याच्या जन्मातली पहिलीच वेळ. केतकीनं त्याची पाठ थोपटली. "शाब्बास. नेहमी असंच करत जा." निवृत्तीला आजवर शाब्बास कोणी म्हटलं नव्हतं. तो आनंदानं फुलून गेला आणि आता हे कधीही विसरायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं ठरवलं.

त्याच दिवशी भाऊसाहेबांचा वाढदिवस होता. कार्यकर्त्यांनी धक्क्यावरच गूळतुला ठेवली होती. मोठ्ठा तराजू टांगला होता. एका पारड्यात भाऊसाहेब मांडी घालून बसले, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढायला लागल्या. गळ्यात झेंडूचा भलाथोरला हार. बक्षीस समारंभही लगेच उरकावा म्हणून कोणीतरी चषक त्यांच्या हातात दिला. शेवटची ढेप पडली, पारडं वर उचललं गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफरनं फोटो काढला.

निवृत्ती पुढं झाला. त्यानं खालून दोन्ही हात घातले आणि भाऊसाहेबांना अलगद उचललं.

भाऊसाहेबांना वाटलं, उत्साही कार्यकर्ता आहे. ते हसले आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवला. लोकांनी जयजयकार केला. निवृत्तीला हुरूप आला. केतकीच्या लक्षात आलं तेव्हा तो काठाशी पोचला होता. ती "अरे थांब, अरे थांब," म्हणून ओरडत धावली, पण कोणी काही म्हणो, मध्ये थांबायचं नव्हतं. त्यानं भाऊसाहेबांचं डोकं पुढं केलं आणि सोडलं.

धप्प.

केतकीनं क्षणाचाही विचार न करता उडी मारली. धक्क्यावर लोक गहिवरले, पाहुण्यांसाठी पोरीनं जिवाची पर्वा केली नाही म्हणाले. केतकी वर आली तेव्हा तिच्या हातात चषक होता. भाऊसाहेब आपले आपणच वर आले. पाणी गळ्याइतकंच होतं. ते झेंडूच्या फुलांत उभे राहून खोकत होते.

लिमकर सर काठावर थयथय नाचत होते. "अरे, माणसं सोडतात का पाण्यात? होते तिथं नेऊन ठेव त्यांना आधी."

"असं व्हय?" निवृत्ती म्हणाला. त्यानं पाण्यात उतरून भाऊसाहेबांना पुन्हा कुशीत घेतलं, वर आणलं आणि होते तिथं, म्हणजे पारड्यात, नेऊन ठेवलं. भाऊसाहेब भिजले होते. पारडं खाली गेलं. गुळाची एक ढेप कमी पडली, ती कोणीतरी टाकली आणि काटा बरोबर झाला. फोटोग्राफरनं सवयीनं फोटो काढला.

वजन झालं. फोटो झाला. निवृत्तीनं खालून दोन्ही हात घातले.

केतकी अजून पाण्यातच होती. तिनं ते पाहिलं, चषक छातीशी घट्ट धरला आणि जरा बाजूला सरकून भाऊसाहेबांना जागा करून दिली.