झुबकीचा बदाम आणि बागेतली गाडी

एक होती बाग. बागेत होती गाडी. गाडी केवढी? आजोबांच्या गुडघ्याएवढी! इंजिन काळं, डबा लाल. डब्यात बसायचं, तर पाय पोटाशी घ्यायचे.

तुमचे आजोबा एवढुसे होते ना, तेव्हा ह्याच गाडीत बसायचे. एका हातात फुटाण्यांची पुडी. दुसरा हात बाहेर. "हात आत घे रे!" किती सांगायचं! हात बाहेरच. फुटाणे वाऱ्यावर. चिमण्यांची चंगळ!

असो. पावसाळाभर गाडी झोपली. दिवाळी जवळ आली. आता गाडीला उठवायचं कुणी? गाडीचे जुने दोस्त आले. लहानपणी ह्याच गाडीत बसलेले. आता केस पिकलेले. कुणी बोलावलं नाही. आपले आपणच आले.

बागेत राहायची एक खार. एवढीशी. नाव तिचं झुबकी. झुबकीने त्या दिवशी बदाम तोडला. स्वतः तोडला. पहिल्यांदाच!

"आईला दाखवते!" झुबकी म्हणाली.

निघाली झुबकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बदाम निसटला. गडगड, गडगड... टप्! गेला इंजिनाच्या चाकाखाली.

झुबकीने ओढला. निघेना. झुबकीने ढकलला. निघेना. झुबकीचे डोळे भरले.

इंजिनावर बसले होते गजाभाऊ. तेच गाडी चालवायचे. इंजिनाची घंटा पुसत होते. खसाखस, खसाखस.

"गजाभाऊ, गजाभाऊ, चाक हलवा! बदाम निघेना. आईला मी काय दाखवू?"

गजाभाऊ म्हणाले, "एवढंच ना? पण हिरवा झेंडा नाही, तर चाक हलणार नाही. गाडी डोंगराएवढी असो की गुडघ्याएवढी, नियम तो नियम! शकूमावशीकडे जा."

निघाली झुबकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

शकूमावशी फलाटावर बसली होती. हिरव्या झेंड्याला टाके घालत होती.

"शकूमावशी, शकूमावशी, झेंडा दाखवा! चाक हलेना, बदाम निघेना. आईला मी काय दाखवू?"

शकूमावशी म्हणाली, "गजाने पाठवलं होय? मोठा आला नियमवाला! लहानपणी शिटी वाजली, की भोकाड पसरायचा. पण बोलला ते खरं हो. रूळ मोकळा नाही, तर झेंडा फडकणार नाही. नासिरचाचांकडे जा."

निघाली झुबकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

नासिरचाचा रूळ झाडत होते. खर्र खर्र, खर्र खर्र.

"नासिरचाचा, नासिरचाचा, रूळ मोकळा करा! झेंडा फडकेना, चाक हलेना, बदाम निघेना. आईला मी काय दाखवू?"

नासिरचाचा म्हणाले, "बेटा, पानं झाडली. खडे वेचले. पण तो बघ डबा! रुळाच्या मधोमध उभा. डबा सरकला नाही, तर रूळ मोकळा होणार नाही. चंपाताईकडे जा. पण मी पाठवलं म्हणू नकोस हं. ब्रश घेऊन धावेल माझ्या अंगावर!"

निघाली झुबकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

चंपाताई डबा रंगवत होती. थप थप, थप थप. नाकावर लाल ठिपका.

"चंपाताई, चंपाताई, डबा सरकवा! रूळ मोकळा होईना, झेंडा फडकेना, चाक हलेना, बदाम निघेना. आईला मी काय दाखवू?"

चंपाताई म्हणाली, "नासिरभाईंनीच पाठवलं ना? ओळखलं मी! अगं, सावली गार लागली, म्हणून डबा इथेच रंगवला. आता बसले वाट बघत. सावलीत कुठला रंग वाळतोय? ही बघ, नासिरभाईंची बोटं उमटलीत. वाळला का बघायला आले होते! रंग वाळला नाही, तर डबा सरकणार नाही. उन्हाकडे जा."

निघाली झुबकी. चढली जांभळाच्या झाडावर. सरसर सरसर, सरसर सरसर.

झाडाच्या शेंड्यावर ऊन बसलं होतं. पाय पसरून.

"ऊनदादा, ऊनदादा, खाली उतरा! रंग वाळेना, डबा सरकेना, रूळ मोकळा होईना, झेंडा फडकेना, चाक हलेना, बदाम निघेना. आईला मी काय दाखवू?"

ऊन म्हणालं, "उतरलो असतो गं! पण वाट कुठाय? ह्या फांदीला पानंच पानं. फांदी झुलली नाही, तर मी उतरणार नाही."

झुबकीने मारली उडी. टुणुक! बसली फांदीवर.

"फांदीबाई, फांदीबाई, झुला ना! ऊन उतरेना, रंग वाळेना, डबा सरकेना, रूळ मोकळा होईना, झेंडा फडकेना, चाक हलेना, बदाम निघेना. आईला मी काय दाखवू?"

फांदी म्हणाली, "मी जाडजूड, तू चिमूटभर. तुझ्याने मी कशी झुलू, बाळा? वारा सुटला नाही, तर मी झुलणार नाही."

उतरली झुबकी. सरसर सरसर. निघाली झुबकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

वारा कुठे होता? गाडीच्या बोगद्यात! वाळक्या पानांत झोपला होता. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"वारेबुवा, वारेबुवा, उठा ना! फांदी झुलेना, ऊन उतरेना, रंग वाळेना, डबा सरकेना, रूळ मोकळा होईना, झेंडा फडकेना, चाक हलेना, बदाम निघेना. आईला मी काय दाखवू?"

वाऱ्याने एक डोळा उघडला.

"कशाला उठू? पूर्वी गाडी निघायची. पोरं खिदळायची. गाडी पुढे, मी मागे! कुणाची टोपी उडव, कुणाची रिबीन उडव. काय मजा होती! आता माझ्यापुढे धावतंय कोण? कुणी धावलं नाही, तर मी सुटणार नाही."

आणि वाऱ्याने डोळा मिटला. घुर्र घुर्र.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

झुबकीने डोळे पुसले. शेपटी फुलवली.

"मी धावते! पकडा मला!"

वाऱ्याने दोन्ही डोळे उघडले. "तू? एवढीशी?"

"हो, एवढीशी! पकडा बघू!"

पळाली झुबकी. रुळावरून पळाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

वारा हसला. वारा उठला. पानं उडाली. सूं सूं, सूंऽऽऽ!

झुबकी पुढे, वारा मागे. झुबकी पुढे, वारा मागे. आणि मग काय झालं?

वारा सुटला, फांदी झुलली.

फांदी झुलली, ऊन उतरलं. थेट डब्यावर!

ऊन उतरलं, रंग वाळला.

"या नासिरभाई, आता लावा बोटं!" चंपाताई म्हणाली. दोघांनी मिळून डबा ढकलला. हैश्शा! हैश्शा!

डबा सरकला, रूळ मोकळा झाला.

रूळ मोकळा झाला, झेंडा फडकला. फड फड, फड फड!

"गजा, झेंडा बघ रे! की शिटीला अजून भितोस?"

"बघितला, बघितला!" गजाभाऊ म्हणाले. त्यांनी शिटी दिली. कूऽऽऽक! सगळी बाग दचकली. मग सगळी बाग हसली.

झेंडा फडकला, चाक हललं. हळूच मागे. एवढंसं.

चाक हललं, बदाम निघाला! टुण्!

झुबकीने बदाम उचलला. तोंडात घट्ट धरला. पळाली घरी.

आईने बदाम हातात घेतला. इकडून बघितला. तिकडून बघितला.

"कुणी तोडला गं?"

"मी!"

"एकटीने?"

"एकटीने!"

"आणि हा काळा काळा डाग कसला?"

"चाकाचं तेल आहे ते."

आईने डाग हुंगला. डोळे मिटून पुन्हा हुंगला.

"अगंबाई," आई म्हणाली, "हा तर माझ्या लहानपणीचा वास! गाडी सुरू झाली वाटतं!"

दोघी फांदीवर बसल्या. खालून गाडी निघाली. झुक झुक, झुक झुक. पोरं उद्या यायची होती. आज डब्यात होती शकूमावशी, नासिरचाचा आणि चंपाताई. दाटीवाटीने बसलेली. नुसती हसत होती.

आईने बदाम फोडला. कुर्रम्!

"पहिला घास कुणाचा?"

"माझा!" झुबकी म्हणाली.

झुबकीने घास खाल्ला. आणि दुसरा घास आईला भरवला.

गाडी लागली फलाटाला, गोष्ट आली मुक्कामाला.