राणीनं आपलं नाव पुकारलं त्याची कहाणी

ऐका मातृकादेवी, तुमची कहाणी. आटपाटाच्या पलीकडं, नदीकाठी एक नगर होतं. तिथला राजा लढाईत पडला. पदरी एकुलती लेक, मंजुला. मग राणीच सिंहासनावर बसली.

राज्याची रीत अशी, की भरसभेत आज्ञा देणाऱ्याचं नाव पुकारलं तरच आज्ञा चालायची. राणी आज्ञा द्यायची नवऱ्याच्या नावानं. आता नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं कसं? मग राणी प्रधानाच्या कानात सांगायची, आणि प्रधान पुकारायचा, "महाराज शक्तिधरांची आज्ञा!" मेलेल्या माणसाची आज्ञा, बायांनो!

एके दिवशी दारी म्हातारी आली. म्हणाली, "राणी, राणी, मातृकादेवीचा सोमवारचा वसा घे. सिंहासनावर बसावं, आईचं नाव घ्यावं, आपलं नाव घ्यावं, मग आज्ञा द्यावी." राणी लाजली. "इश्श, आजी! बाईमाणूस चारचौघांत आपलं नाव घेतं का?" वसा काही घेतला नाही.

पहिला सोमवार आला. राणी म्हणाली, "तळं खणा." प्रधानानं पुकारलं, "तळं बुजवा!" राणी चपापली. पण नवऱ्याच्या नावानं निघालेला शब्द खोडायचा कसा? गप्प बसली. दुसरा सोमवार आला. राणी म्हणाली, "कैदी सोडा." प्रधानानं पुकारलं, "बेड्या घाला!" तरी गप्प. काय म्हणावं या बाईला! तिसरा सोमवार आला. राणीनं तोंडही उघडलं नव्हतं. प्रधानाला राज्य हवं होतं. त्यानं पुकारलं, "महाराज शक्तिधरांची आज्ञा! राजकन्येला शत्रूकडं ओलीस धाडा!"

अगं बाई गं! पालखी सभेच्या दारात, लेक आत, रडून आकांत. भोयांनी पालखी उचलली. मग राणी पदर खोचून धावली. "थांबा! मी सुव्रतेची लेक सोमश्री. माझी आज्ञा, पालखी खाली ठेवा!" एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा किंचाळली. प्रधान म्हणाला, "हे कुणाचं नाव? या नगरात कुणी ऐकलंय?" खरंच कुणी ऐकलं नव्हतं. पण भरसभेत नाव पुकारलं, रीत पुरी झाली. भोयांनी पालखी ठेवली. प्रधानाला वेशीबाहेर घालवलं.

लेक बाहेर आली. आईला बिलगली नाही, नुसती बघत राहिली. म्हणाली, "आई, तुझं नाव सोमश्री? मला ठाऊकच नव्हतं गं."

राणी मटकन खाली बसली. म्हणाली, "बाळे, मीसुद्धा विसरले होते."

मग राणीनं वसा घेतला, मरेतो टाकला नाही. जसं सोमश्रीला तिचं नाव लाभलं, तसं तुम्हां आम्हां लाभो. साठां उत्तरांची होती, पाचांतच सांगितली. सुफळ झाली, पुरी झाली.